राइट क्लिकमधल्या पाच ओळी

सरांच्या हाताला कंप सुटलाय हे कचेरीत सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. त्यांच्या लाल पेनाच्या खुणा पाहून कॉम्प्युटरवर दुरुस्त्या करायचं काम माझ्याकडे होतं. नारायण पेठेत एका दुसऱ्या मजल्यावर शालेय पुस्तकं काढणारा छोटा प्रकाशक आहे, त्याच्याकडे मी अकरा वर्षं मजकूर टाइप करते, पानं लावते. सर तिथले मुद्रितशोधक. छपाईला जाण्याआधी पानन् पान वाचायचं आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते इथे आले आणि इथेच रमले.

मी यवतमाळकडची. कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी पानं तपासली आणि म्हणाले, "बाई, तुमचं टायपिंग फार वेगवान आहे. चुकासुद्धा वेगानेच होतात." मी त्या दिवशी डबा न खाता घरी गेले. पण पुढे समजलं की हा माणूस चुकीला हसतो, माणसाला नाही. माझ्या बोलण्यातल्या वऱ्हाडी वळणाची बाकीचे गंमत करायचे. सरांनी कधी केली नाही. उलट रोज निघताना एखादा शब्द सांगून जात. 'घरा समोर' दोन शब्द नाहीत, 'घरासमोर' हा एकच शब्द आहे, असं काहीतरी. असं करत मी शुद्ध लिहायला शिकले.

खुणा थरथरू लागल्या तशा त्या या ओळीच्या की वरच्या, तेच कळेना. मी अंदाजाने चालवू लागले. त्यांना विचारलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून विचारत नसे, ही माझी चूक. शेवटी व्हायचं ते झालं. एका पुस्तकात 'शिक्षक दिन'चं 'शिक्षक दीन' छापून आलं.

मालक संतापले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून ते पान नीट पाहिलं आणि म्हणाले, "खोटं काही नाही त्यात."

त्यावर कुणी हसलं नाही. संध्याकाळी मालकांनी मला आत बोलावून सांगितलं, "सरांना आता आराम करू द्या. छोटासा सत्कार करू, शाल देऊ. तुम्हाला काय वाटतं?" मी एवढंच म्हणाले, "मला एक महिना द्या."

महिनाभरात काय करणार, याचा मला काडीचाही अंदाज नव्हता. येरवड्याला आम्ही दोघी बहिणी भाड्याने राहतो. धाकटी खराडीला आयटीत आहे. घरात आमची भाषा अजून गावचीच. भाकरी थापताना मी तिला सगळं सांगितलं.

"माउस धरता येते का त्यायले?" तिने विचारलं.

"हात टेकवून ठेवला की येते. लिहिता येत नाही. टाइप तर अजिबातच नाही."

"मग राइट क्लिकमध्ये घाल ना."

तिचं म्हणणं असं होतं. आमच्या कचेरीतल्या सॉफ्टवेअरला बाहेरून छोटी जोडणी लावता येते, तिला एक्स्टेन्शन म्हणतात. एखाद्या शब्दावर माउसचं उजवं बटण दाबलं की कट, कॉपी, पेस्टची यादी उघडते. त्या यादीत आपल्या मनासारख्या ओळी घालता येतात. म्हणजे सरांनी शब्द निवडायचा, उजवं बटण दाबायचं आणि दुरुस्ती निवडायची. पेन नको, खुणा नकोत, आणि मधे माझा अंदाजही नको.

"तू करून दे," मी म्हटलं.

"करून देईन. पण उद्या बिघडलं तं कोणाले बोलावशील? तूच शिक, मी बाजूला बसते."

मी वाणिज्य शाखेची पदवी आणि टायपिंगचा दाखला घेऊन पुण्याला आलेली. प्रोग्रॅमिंगशी माझा कधी संबंधच आला नव्हता. पण रविवारी सकाळी बसले. एका फाइलमध्ये यादीतल्या ओळीचं नाव लिहायचं, आणि ती दाबल्यावर कुठलं काम व्हायचं त्याचंही नाव लिहायचं. दुसऱ्या फाइलमध्ये ते काम प्रत्यक्ष कसं करायचं ते लिहायचं. पहिल्यांदा यादीत माझ्या ओळीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली, कारण फाइल मी देवनागरी टिकेल अशा पद्धतीने साठवली नव्हती. ते सुधारलं, तर ओळ दिसायची पण दाबल्यावर काहीच व्हायचं नाही. बहीण म्हणाली, "दोन्हीकडची नावं पाह्य." एका नावात एक अक्षर कमी होतं. सरांच्या हाताखाली वर्षं काढलेली मी, ते मला तिच्याआधी दिसायला हवं होतं!

तिसऱ्या रविवारी 'घरा' या शब्दावर उजवं बटण दाबलं, 'पुढचा शब्द जोडा' निवडलं, आणि डोळ्यांदेखत 'घरा समोर'चं 'घरासमोर' झालं. मी दहा वेळा ते वेगळं केलं आणि दहा वेळा जोडलं. बहीण शेवटी कंटाळून आंघोळीला गेली.

सोमवारी सरांना माझ्या खुर्चीवर बसवलं. यादीत मी हौसेने नऊ ओळी घातल्या होत्या. त्यांनी उजवं बटण दाबलं, यादी वरून खालपर्यंत वाचली आणि माउसवरचा हात काढून घेतला.

"काय झालं, सर?"

"बाई, दीर्घ हा शब्द निदान दीर्घ लिहा."

मी 'पहिले अक्षर दिर्घ करा' असं लिहिलं होतं. मला हसू आवरेना. मग तेही हसले, आणि खूप दिवसांनी हसले.

पण काम काही सोपं झालं नाही. हात ऐन वेळी हलायचा आणि शेजारचीच ओळ दाबली जायची. अनुस्वार काढायला जावं तर शब्दच तुटायचा. दोन दिवसांत सर वैतागले. जिन्यावर ते म्हणाले, "तुम्ही कष्ट घेताय ते दिसतंय मला. पण शाल कुठल्या रंगाची ठरलीय, तेवढं सांगा."

त्यांना सगळं ठाऊक होतं. मला मान वर करता येईना. कशीबशी म्हणाले, "रंग ठरला नाहीये सर. मी ठरू देणार नाही."

ते कठडा धरून जिना उतरले. दुसऱ्या दिवशी मात्र पिशवीतून जुन्या तपासलेल्या पानांचा गठ्ठा घेऊन आले. रात्री घरी बसून त्यांनी सुनेच्या मदतीने आपल्याच खुणांची छाननी केली होती. "नऊ कशाला हव्यात? माझं बहुतेक काम पाच गोष्टींत उरकतं," ते म्हणाले. पहिल्या अक्षराचं ऱ्हस्व-दीर्घ बदलणं, शेवटच्याचं बदलणं, शब्द जोडणं, अनुस्वार काढणं, आणि जिथे आपल्यालाच खात्री नाही तिथे लेखकासाठी शेरा टाकणं. चार ओळी मी काढून टाकल्या. उरलेल्या पाचांच्या मधे आडव्या रेघा घातल्या, अक्षरं मोठी केली. बहिणीने फोनवर सांगितलं म्हणून माउसचा वेगही कमी केला. शब्द निवडलेला नसेल तर या ओळी दिसूच नयेत, एवढी सोय मात्र माझी मीच शोधून केली. ओळींचे शब्द सरांनी सांगितले. 'लेखकाला विचारा' हे मी लिहिलेलं त्यांनी बदलायला लावलं. "विचारा काय? हुकूम आहे का? 'लेखकास विचारावे' असं लिहा."

महिना संपायला चार दिवस असताना सरांनी एक अख्खा धडा पडद्यावर तपासला. सावकाश, मधे चहा घेत, दोनदा चुकीची ओळ दाबून आणि दोन्ही वेळा ती मागे घेऊन. मालक दारात उभे राहून पाहत होते. धडा संपल्यावर सर मागे न वळता म्हणाले, "उद्या किती पानं ठेवताय?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "जमतील तेवढी," ते म्हणाले.

आता सर आठवड्यातून तीन दिवस येतात. हाताचा कंप गेलेला नाही. एखादा दिवस असा येतो की माउसही धरवत नाही. मग ते वाचतात, बोलतात आणि मी दाबते. चुका अजूनही सुटतात, पण त्या आमच्या दोघांच्या असतात.

गेल्या महिन्यात सरांच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका कचेरीत आल्या. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात चालत नाही. त्या डाव्या हाताने माउस धरतात आणि त्यांना स्वतःच्या कविता स्वतःच नीट करायच्या आहेत. "माझ्यासाठी कराल का हो तसं काही?" त्यांनी विचारलं. त्यांना सात ओळी हव्या आहेत, त्यांतली एक फक्त पूर्णविराम देणारी. मी वहीत सगळं लिहून घेतलं. या रविवारी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या घरी जाणार आहे. बहीण विचारत होती, सोबत येऊ का म्हणून. मी म्हटलं, नको, जमते मले.