स्पीकरवरचा हात

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. लिहिलं की अंगावरची मानाची शाल उतरवून ठेवावी लागते, म्हणून टाळलं. गेल्या महिन्यात सोलापुरातल्या एका वाचनालयाने तशी आणखी एक माझ्या खांद्यावर घातली. रॉक आणि हेवी मेटलच्या रेकॉर्डवर आपल्या गावातून मराठीत लिहिणारा पहिला माणूस म्हणून. एका तरुण वक्त्याने माझं सत्तरच्या दशकातलं एक वाक्य वाचून दाखवलं: "ड्रमवाला मुद्दाम कणभर मागे राहतो, आणि त्या उशिरानेच गाण्याची वीण घट्ट होते." मग म्हणाला, "ही जाण उपजतच असावी लागते!" टाळ्या पडल्या. कसली उपजत? ते वाक्य माझं नव्हतंच.

ते शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एका जॉबरचं होतं. जॉबर म्हणजे चादरीच्या कारखान्यात बिघडलेले माग चालू करून देणारा. घरी तेलुगू बोलायचा, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होतो. माझा मावसभाऊ जहाजावर होता, तो विलायती एलपी आणून द्यायचा, आणि मी त्यांच्यावर एका साप्ताहिकात सदर लिहायचो. एकदा रेकॉर्ड प्लेअर बंद पडला, तेव्हा शेजाऱ्याने या जॉबरला आणलं. दुरुस्ती झाली, पण तो हलेना. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान जवळजवळ गेलेले. त्याने स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून रेकॉर्डची अख्खी बाजू ऐकली.

"मास्तर, हा ढोल बडवणारा लई बेरकी हाय की," तो म्हणाला. "मुद्दाम मागं राहतोय. आमचा सूत नेणारा धोटा असा उशिरा सुटला तर माग बंद पडतो. हितं बघा, गाणं आणखी घट्ट होतंय!"

त्यानंतर दर सुट्टीला तो यायचा. तो बोलायचा, मी वहीत उतरवायचो, 'हितं'चं 'इथे' करायचो आणि खाली माझं नाव घालायचो. लोक म्हणतात, तेव्हाचा काळच तसा होता. खोटं आहे! काळाने माझा हात धरला नव्हता. त्याचं नाव लिहायला एक ओळ पुरली असती.

एका सुट्टीला साप्ताहिकाचे संपादक घरी आले. रेकॉर्ड मोठ्या आवाजात चालू होती. समोरच्या भिंतीशी तो स्पीकरवर हात ठेवून उकिडवा बसलेला.

"हे कोण?" संपादकांनी विचारलं.

"ठार बहिरा आहे हो," मी म्हणालो. "प्लेअर दुरुस्त करतो. बसतो आपला हात लावून. त्याला काय कळतंय यातलं?"

"मग तुम्हाला हे वीण, धोटा कुठून सुचतं?"

"निरीक्षण," मी म्हणालो. संपादक खूश होऊन हसले.

त्याच्या कारखान्यात मी गेलेलो होतो. तिथे कामगार या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज न करता, नुसते ओठ हलवून गप्पा मारतात, थट्टा करतात, शिव्या देतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि त्या दिवशी त्याच्याकडे तोंड करून बोललो.

रेकॉर्डची बाजू संपल्यावर तो उठला. चपला घालताना म्हणाला, "कळतंय की मास्तर. थोडं थोडं." पुन्हा कधी आला नाही.

पुढचे दोन लेख मी एकट्याने लिहिले. नुसती विशेषणं. मग सदर बंद केलं. त्यालाही लोकांनी माझा विनय म्हटलं, आणि मी म्हणू दिलं.

काही महिन्यांनी धीर करून कारखान्यात गेलो. सगळे माग धडधडत होते. हातातला पाना खाली ठेवून तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. घरून घोकून आणलेलं सगळं मी बोललो. चोरी केली, वर तुझा अपमान केला, माफ कर. पण त्याच्याकडे बघवेना, म्हणून मान खाली घालून बोललो.

वर पाहिलं तर तो अजून वाट बघत होता.

"काय म्हणालात?" तो ओरडला. "तोंड वर करून सांगा की, मास्तर."

मी तोंड वर केलं.

"काही नाही," म्हणालो. "सहज आलो होतो."