मासे कामावर आहेत

टाकीत डोकावण्याआधी तो खाकरायचा. दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकताना माणूस खाकरतो ना, अगदी तसं. मग चपला बाजूला काढायचा, गुडघे मोडून बसायचा आणि हिरव्या पाण्यात बघत विचारायचा, "जेवलात का?"

माशांना. आम्ही माणसं तिथंच व्हरांड्यात उभी असायचो, आमची चौकशी त्यानंतर.

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. पगार एका कामाचा घेतो आणि जीव भलत्याच कामात अडकवतो. आमच्याकडे हा होता. जव्हारच्या आमच्या सरकारी दवाखान्यामागे सिमेंटची एक टाकी होती, तिच्यात गप्पी मासे पाळलेले. नखाएवढा मासा, पण डासांच्या अळ्या मटकावण्यात पटाईत. टाकीत वाढवायचे आणि गावोगावच्या हौदांत, पडक्या विहिरींत नेऊन सोडायचे, म्हणजे हिवताप कमी होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकहून तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला आले होते. पाड्यापाड्यांवरून रक्ताचे नमुने यायचे, मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. तो ते नमुने आणायचा आणि टाकी सांभाळायचा. पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरचा, चाळिशीचा, काटक. नोकरी हंगामी. पावसाळ्यात घ्यायचे, ताप ओसरला की घरी पाठवायचे. त्याचं नाव लिहीत नाही. ते लिहिण्याचा हक्क मी एका सोमवारी घालवला, तो सोमवार पुढे येईलच.

टाकीभोवती पेशंटचे नातेवाईक बसायचे. माणसाला पाण्यात मासा दिसला की हात आपोआप पिशवीत जातो. कोणी कुरमुरे टाकी, कोणी शेव. एकदा एका पोरानं जिलबी सोडली. मासे फुगले, पाणी नासलं, आणि पोट भरलेले मासे अळ्यांकडे ढुंकूनही बघेनात. तेव्हा त्यानं पत्र्याच्या तुकड्यावर गेरूनं पाटी लिहिली आणि टाकीवर टांगली: "मासे कामावर आहेत. खायला घालू नये."

डॉक्टरसाहेब ती वाचून इतके हसले की चहा शर्टावर सांडला. एक म्हातारी मात्र भांडायलाच आली. "डागदर मना सांगतो खा, खा. आन् या माशाला सांगतो नको खाऊ. असा कसा दवाखाना?"

तो तिच्या शेजारी बसला. "आजी, त्यांना मी खायला देतो. रोज अळ्या आणतो. घरचा खाऊ रविवारी."

हे रविवारचं प्रकरण खरं होतं. रविवारी आम्हाला सुट्टी, म्हणून माशांनाही सुट्टी. त्या दिवशी तो अळ्या आणायचा नाही. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, काळपट भाकरीचा कोर बारीक कुस्करून, चिमूट चिमूट टाकायचा. पाटी त्या दिवसापुरती उलटी टांगायचा. मी म्हटलं, "अहो, माशांना वार कळतो का?"

"त्यांना नाय कळत," तो म्हणाला. "मला कळतो ना."

बाळंतपणाची रजाही होती. गप्पीची मादी पोटुशी राहिली की तिच्या पोटावर काळा डाग दिसतो. तो दिसला की तिला चहाच्या गाळण्यानं अलगद उचलून वेगळ्या कुंडीत ठेवायचा. कुंडीत पाणगवत, वर गोणपाटाची सावली, आणि खुराक रोज. कारण गप्पीची एक खोड फार वाईट. व्याली की स्वतःचीच पिल्लं गिळते. आमच्या सिस्टरबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी नाकाला पदर लावला. "अशी कसली मेली आई?"

तो पहिल्यांदाच थोडा चिडलेला मी पाहिला. "तिला नाव नका ठेवू. पोट भरलेली आई नाय खात. आधी तिला घाला, मंग बघा."

आमच्या दवाखान्यात त्या दिवसांत काय काय उचलून आणलं जायचं ते सिस्टरबाईंनी रोज पाहिलेलं होतं. वजनकाट्यावर पाऊणएक मिनिट ठेवलं तरी काटा हलू नये अशी बाळं, आणि त्यांच्या तशाच आया. सिस्टरबाई दुसऱ्या दिवशी कुंडीत आपल्या डब्यातल्या वरणाची डाळ टाकायला गेल्या आणि पाटी दाखवून परत पाठवल्या गेल्या, हा भाग वेगळा.

सोयरिकीचा त्याला भारी नाद. एकाच टाकीत वाढलेले सगळे एका घरचे, भावाबहिणींचं जमवलं की पुढची पिल्लं वाकड्या पाठीची निघतात, हे त्यानं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, टाकीत पाहिलं होतं. म्हणून दोनतीन महिन्यांनी तो स्टीलच्या डब्यात पाच नर घेऊन एसटीनं मोखाड्याकडच्या टाकीवर जायचा आणि तिथले पाच घेऊन यायचा. वळणावळणाचा रस्ता, डबा मांडीवर, पाणी हिंदकळतंय. कंडक्टर विचारी, "काय रे, कालवण का?"

"नवरे हायत," तो सांगायचा. सगळी गाडी हसायची, तो हसायचा नाही.

एकदा एक शिक्षक शिरपामाळाकडच्या ओहोळात सोडायला मासे मागायला आले. त्यानं साफ नाही म्हटलं. "तिथं आपले मासे हायत, मळ्या हायत. पोरं धरून खातात. हे तिथं गेले तर त्यांची अंडी खातील. यांना साचल्या पाण्यातच काम." शिक्षक डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, टाकीचा साहेब तो आहे.

आता तो सोमवार.

ठाण्याहून मोठे साहेब टाकी बघायला येणार होते. डॉक्टरांनी त्याला सांगून ठेवलं होतं, साहेबांना काम पसंत पडलं तर मी तुझी शिफारस करतो, टाकीसाठी बारा महिने माणूस हवाच आहे. म्हणजे दिवाळी झाली की बायको-पोरांसकट वसईकडे कामाला जायचं टळणार. धाकटी मुलगी तिसरीत होती, दर वर्षी तिची शाळा मधेच सुटायची. त्यानं पाटीवरची अक्षरं पुन्हा गिरवली, आणि मुलीचं नाव पुढच्या वर्षाला तिथंच राहील ना, असं शाळेत जाऊन विचारून आला.

आदल्या शुक्रवारी मोखाड्याकडचा टाकीवाला आला होता. माझ्या खिडकीखालीच दोघं बसले होते. पाहुणा सांगत होता, "साहेब यायच्या आधी दोन दिवस उपाशी ठेव. मी तेच करतो. अळी टाकली की तुटून पडतात. साहेब खूश."

आमचा गडी म्हणाला, "बघू."

मी नाशिकची. आमच्याकडे बघू म्हणजे जवळजवळ हो. इथलं बघू म्हणजे पाहुण्याचं मन न मोडता दिलेला नकार, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. शनिवारी तो टाकीपाशी नुसता गप्प बसलेला दिसला, आणि मी मनात जुळवून टाकलं. ठेवले मेल्यानं मासे उपाशी. रात्री मला वाईट वाटलं. रविवारी जास्त वाटलं. मला काय माहीत की रविवारी त्यानं नेहमीसारखी सुट्टी दिली होती, भाकरी घातली होती, आणि सोमवारी सकाळी मासे नेहमीसारखे ताजेतवाने कामाला तयार होते.

सोमवारी मी लवकर गेले. डब्यात दोन उकडलेली अंडी होती. दोन्हींचा बलक बोटांनी कुस्करला आणि टाकीत सोडला. काय तुटून पडले हो ते. पाणी नुसतं सळसळत होतं. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. आपण कोणाला तरी जेवू घातलं, असं वाटून मी हात पुसले आणि सूक्ष्मदर्शकापुढे जाऊन बसले.

अकराला साहेब आले. टेबलावर काचेची बरणी, बरणीत दहा-बारा मासे. त्यानं पळीभर अळ्या सोडल्या. अळ्या वळवळत खाली गेल्या. मासे त्यांच्याकडे बघत राहिले. एकानं एक अळी तोंडात घेतली आणि थुंकली. डॉक्टरांनी बरणीला टिचकी मारली. मासे दुसऱ्या बाजूला गेले.

साहेब म्हणाले, "तुमचे मासे कायम झालेले दिसतात."

सगळे हसले. मीही हसले. आयुष्यात मला ज्या हसण्याची सगळ्यात जास्त लाज वाटते ते हे हसणं.

तो टाकीपाशी गेला. वाकला, आणि पाण्यावर तरंगणारा पिवळा चुरा त्याला दिसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात डबा होता, त्यात अंड्यांचे पांढरे वाडगे उरलेले. बस, तेवढंच पाहिलं.

"साहेब, मीच घातलं सकाळी," तो म्हणाला. "मना वाटलं भूक लागली असंल."

साहेबांनी वर टांगलेली पाटी वाचली. "ही कोणी लिहिली?"

"मीच."

साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त डॉक्टरांना हळूच म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण उपयोगाचा नाही." आणि गाडीत बसले.

मी का बोलले नाही? माझा नाशिकला बदलीचा अर्ज याच साहेबांच्या टेबलावर होता. दुसरं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

दिवाळीनंतर त्याचा हंगाम संपला. जायच्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या दारात आला, खाकरला. "ताई, टाकी आता तुम्ही बघा. गाळणं कुंडीमागे हाय. रविवारी सुट्टी."

मी उभी राहिले. "भाऊ, ते अंडं मी टाकलं होतं."

"माहीत हाय," तो म्हणाला. "नागली काय पिवळी असते?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही त्यांना उपाशी समजून घातलंत. ते साहेबाला चूक म्हणून कसं सांगायचं?"

मला रडू आलं, आणि मी सरळ रडले. तो बिचारा गोंधळला. जाताना म्हणाला, "एक सांगतो. बलक जड पडतो त्यांना. घालायचाच तर मोहरीएवढा घाला."

माझी बदली झालीच नाही. शिमग्याच्या सुमाराला मी साहेबांना पत्र लिहिलं, झालं ते सगळं कबूल केलं. तोवर साहेबांचीच बदली झाली होती. उत्तर आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याला कामावर परत घेतलंच नाही. त्याच्या मुलीनं चौथीचं वर्ष अर्धंच जव्हारात काढलं, मग तेही नाही. हे मला शाळेतल्या बाईंनी सांगितलं.

मग एका उन्हाळ्यात एसटीचा कंडक्टर दवाखान्यात आला. हातात प्लास्टिकची पाण्याची बाटली, झाकणाला भोकं पाडलेली, आत पाच रंगीत शेपट्यांचे नर. वसईच्या स्टँडवर एकानं दिली म्हणाला, आणि निरोप दिलाय: तुमच्याकडचं सगळं एका घरचं झालं असेल, नवरे पाठवतोय. बाटली रिकामी परत द्या.

मी पाच नर टाकीत सोडले, आमचे पाच बाटलीत भरले आणि कंडक्टरच्या हाती परत पाठवले. रिकामी कशी पाठवणार? सोयरीक म्हटली की देणंघेणं आलंच. पुढे दर उन्हाळ्यात बाटली यायची आणि जायची. तिकडे तो बांधकामावर पाणी मारायला होता, तिथल्या हौदांत त्यानं मासे सोडले होते म्हणे. एकदा बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली होती. मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं, "मासे कामावर आहेत. कंडक्टरकाकांनी खायला घालू नये." मी ती चिठ्ठी दिवसभर दवाखान्यात सगळ्यांना दाखवत फिरले.

चारपाच वर्षांनी नवे साहेब टाकी बघायला आले. बरणी ठेवली, अळ्या सोडल्या. क्षणात फडशा. साहेब खूश झाले. म्हणाले, बाई, हे तुम्ही कसं जमवलंत?

मी सांगितलं. सगळं, अंड्यापासून. सिस्टरबाई तोंडावर पदर धरून ऐकत होत्या, डॉक्टर खाली बघत होते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बोलवा त्याला. टाकीवर माणूस लागणारच आहे."

मी त्याच संध्याकाळी स्टँडवर गेले. कंडक्टर म्हणाला, "बाई, या वर्षी तो स्टँडवर आलाच नाही. मी दोनदा थांबून बघितलं." पाड्यावर निरोप पाठवला. घराला कडी होती. वसईहून पुढे गेले, कुठं ते ठाऊक नाही, असं शेजारी म्हणाले. त्याचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता. बाटली बरोबर पोचायची, मला तेवढं पुरत होतं.

शेवटच्या खेपेची बाटली माझ्याकडेच राहिली, आमचे नर परत पाठवायचे होते ते राहून गेले. आता मी निवृत्त आहे. ती बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, धुऊन उपडी ठेवलेली. सरळ ठेवली तर पाणी साचेल, अळ्या होतील, आणि तो कधी आलाच तर दारात खाकरून आधी त्यावरूनच बोलेल.