दोन्ही टोकं ठोकणारा भाऊ

भाऊ हाक मारत नसे, फेकून मारत असे. कामतघरला आमचं वेबसाइटचं ऑफिस लूमच्या कारखान्यावर होतं. खालच्या खडखडाटात हाक ऐकूच यायची नाही, म्हणून सुताची रिकामी कांडी नेमकी माझ्या टकलावर यायची. मानकोलीची जमीन गोदामांना गेल्यावर माझ्या या चुलतभावाने चार कम्प्युटर घेतले आणि सोबत मलाही घेतलं, घरातला एकमेव ‘शिकलेला’ म्हणून.

कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट तेव्हा नवीनच आलं होतं. त्यात कोडमधल्या प्रत्येक बदलाला आकडे-अक्षरांचा लांबलचक क्रमांक मिळतो. एका गोदामवाल्याच्या साइटसाठी मी एक पान केलं होतं: चौकटीत क्रमांक टाकला की तो बदल थेट सर्व्हरवर. भलतंच काही आत जाऊ नये म्हणून रेगेक्सची, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक साच्याची, तपासणी. शून्य ते नऊ, ए ते एफ, सात ते चाळीस अक्षरं.

“काय रं शिकलेल्या, दोन्ही टोकं ठोकली का?” भाऊ दरवेळी विचारी. म्हणजे त्या साच्याच्या सुरुवातीला टोपीची खूण (^), शेवटी डॉलरची ($). ती नसली तर ओळीत कुठेतरी क्रमांक आहे, एवढंच तपासलं जातं. त्याच्या शेपटाला धरून काहीही आत येतं. पूर्वी एकदा मी विसरलो, तेव्हा त्याने माझा कीबोर्ड मॉनिटरवर हाणून दोन्ही फोडले होते.

त्या दुपारी जेवायच्या घाईत मी “हो” म्हणालो. ठोकली नव्हती. जेवून आलो, क्रमांक चिकटवला, तर माझ्या टिपणातली पुढची आज्ञाही सोबत आली: फोल्डर पुसून टाक. तपासणी पास! त्या फोल्डरमधले गोदामाचे सगळे गेटपास गेले. भरलेले ट्रक फाटकाआड अडकले.

तासाभरात गोदामवाल्याची चार माणसं गज घेऊन वर आली. “किसने किया?” मी टेबलाखाली पेन शोधू लागलो.

“मैंने. बोल,” भाऊ म्हणाला.

पहिला गज त्याच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्या खडखडाटातही मला ऐकू आला. त्याने एकाचे दात पाडले, दुसऱ्याला जिन्यावरून लोटलं. मग चौघांनी मिळून त्याला दारातच तुडवलं. माझं पोट टेबलाखाली अडकलं होतं, असं मी घरी सांगितलं.

दवाखान्यात म्हणालो, “भाऊ, टोकं मी…”

“ठाव हाय. तुला मारला असता तर मेला असतास. काकीला काय तोंड दाखवला असता?” त्याने जवळ बोलावलं. पाणी हवं असेल म्हणून वाकलो, तर डाव्या हाताने कानाखाली अशी काढली की मी सलाइनच्या स्टँडसकट आडवा. “चुकलास म्हणून न्हाय. ‘हो’ बोललास म्हणून.”

नर्स धावत आली. “कोणी मारलं हो?”

“कोणी नाही,” मी म्हणालो.

भाऊने पुन्हा हात उचलला.