जांभळं सरबत

माझी औषधाची पाकिटं माझ्या थोरल्या जावेनं पाहुण्यांना पाजली. अजून आठवलं की डोकं सणकतं.

माझी शुगर तेव्हा काठावर आली होती. डायबेटिस झाला नव्हता, पण व्हायला वेळ लागणार नव्हता. आईचे डोळे शुगरनं गेलेले मी पाहिले होते, त्यामुळे जाम घाबरले होते. अशा काठावरच्या बायकांना रोज बेरी नावाच्या परदेशी फळाची जांभळी भुकटी देऊन काही फायदा होतो का, हे एका दवाखान्यात तपासत होते. मी लगेच नाव दिलं. रोज एक पाकीट पाण्यात कालवून प्यायचं. पाकिटं मोजूनच मिळायची.

"आपल्याकडं बोरं काय कमी हायत का, म्हणून ही परदेशी बोरं पितीस?" जाऊ चारचौघांत खिदळायची.

एकदा होटगीहून तिच्या माहेरचे आले. मी बाजारात गेले होते. परत येऊन बघते तर काय, प्रत्येकाच्या हातात माझी भुकटी, वर साखर घालून! "लई महागातलं सरबत हाय," जाऊ ठसक्यात सांगत होती. पाकिटांचा डबा रिकामा.

तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतका खंड पडल्यावर तुम्हाला यात ठेवता येणार नाही." माझी एवढी एक आशा होती, तीही गेली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आता हिची जिरवायचीच, असं ठरवलं.

"चला अक्का, फुकट तपासणी हाय," म्हणत तिला तिथं नेलं. बाकांवर बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी मोठ्यानं म्हणाले, "बाई, माझं औषध ह्या आमच्या अक्कांनीच वाटलं. आल्याच हायत तर ह्यांची बी शुगर बघा की."

बाईंनी तिचं बोट टोचलं, यंत्र पाहिलं, परत टोचलं. "तुमची शुगर फार जास्त आहे. आजच्या आज सगळं रक्त तपासून घ्या."

जावेचा चेहरा खर्रकन उतरला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चांगलं थंडगार वाटलं.

रिक्षात तिनं माझा हात धरला. "घरात कुणाला बोलू नकोस गं. तुज्या पाया पडते."

"न्हाय बोलत," मी म्हणाले.

आणि दारात चपला काढता काढताच सासूबाईंना हाक मारून सगळं सांगितलं, शेजारणीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.