तूं जा गे, तुला कांय होत नाहीं

"कोणीही दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही," सर मुलींना तमिळमध्ये म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, आवाज खाली आणून मराठीत म्हणाले, "तूं जा गे. माप पाहून ये. तुला कांय होत नाहीं."

मी गेले.

कुंभकोणमच्या एका मुलींच्या कॉलेजात मी भूगोल विभागाची मदतनीस आहे. अकरा वर्षं तात्पुरती. नकाशे टांगायचे, काचेची भांडी धुवायची, फळा पुसायचा. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर पाऊस मोजायचं माप बसवलेलं आहे. त्या दिवशी ऐप्पसी महिन्यातला पाऊस होता, दिवाळीच्या तोंडावरचा, समुद्राकडून येणारा. दिवसभर एकामागून एक गडगडाटी वादळं येणार, असं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. विभागप्रमुख सरांनी ठरवलं, मुलींकडून वादळाचं निरीक्षण करून घ्यायचं. दर अर्ध्या तासाने पाऊस मोजायचा, वारा कुठून येतो ते लिहायचं, विजा मोजायच्या. बारा मुली जिन्याच्या वरच्या खोलीत वह्या घेऊन बसल्या. त्या खोलीचं दार गच्चीवर उघडतं.

माप दारापासून वीसेक पावलांवर, लोखंडी कठड्याजवळ. मी वाकले, आतली बाटली काढली, पाणी मोजपात्रात ओतलं, आकडा पाहिला, बाटली परत बसवली. परत येऊन आकडा सांगितला. सेल्वी नावाची मुलगी नोंदवही सांभाळत होती, तिने तो लिहून घेतला. माझी साडी अंगाला चिकटली होती, पायाखाली थारोळं झालं होतं. सर हसून तमिळमध्ये म्हणाले, "नंदरी, अक्का." धन्यवाद म्हणून.

तमिळमध्ये मी अक्का. चारचौघांत सर मला "वांगा" म्हणायचे, या म्हणायचे. मराठीत मात्र "ये गे", "जा गे", "उचल ते". त्या कॉलेजात मराठी घरची आम्ही दोघंच. त्यांच्या घराण्याचं नाव तंजावरच्या मराठा दरबाराशी जोडलेलं. आमचंही तसं जोडलेलंच. त्यांचे पूर्वज दरबारात बसायचे आणि आमचे त्यांच्या घरी पाणी भरायचे. माझ्या आईनेही हात चालत होते तोवर त्यांची भांडी घासली. लोक म्हणायचे, किती छान, दूर मुलखात एका भाषेची माणसं एकत्र. मलाही तसं वाटायचं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमानसुद्धा होता.

नोकरी त्यांनीच लावली होती. आणि आता मला कायम करायचा अर्ज त्यांच्या टेबलाच्या खणात पडून होता. त्यावर त्यांची शिफारस हवी होती. आज करतो, उद्या करतो, असं दोन वर्षं चाललं होतं. म्हणून मी ब्र काढत नव्हते.

सर मुलींना मोजायला शिकवत होते. वीज दिसली की मोजायला लागा, गडगडलं की थांबा. तीन आकड्यांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडलं तर उघड्यावर राहायचं नाही, लोखंडाजवळ तर मुळीच नाही. हा धडा मी दर वर्षी ऐकते, फळा पुसता पुसता. मलाही मोजता येतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा बावीस. दुसऱ्यांदा पंधरा. तिसऱ्यांदा नऊ.

भीती वाटली नाही. रागही आला नाही. आज वाटतं, यायला हवा होता. तेव्हा आत काहीच नव्हतं. बोटं गार पडली होती, एवढंच कळत होतं. तिसऱ्या फेरीला मी क्षणभर कठड्याशी उभी राहिले. खाली रस्त्यावर गुडघाभर पाणी, ऑटो जागोजागी बंद पडलेले, ऑटोवाले दुकानांच्या पत्र्याखाली दाटीवाटीने उभे. देवळांची गोपुरं विजेत दिसायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची. कुत्रीसुद्धा कुठेतरी शिरून बसली होती. उघड्यावर मला दुसरं कोणी दिसलं नाही.

परत आले तेव्हा एक मुलगी दुसरीला म्हणत होती, "अक्का किती धीट आहे बघ." तिला वाटत होतं, मी आपणहून जाते. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. त्यांना कसं कळणार?

मग बाराच्या सुमाराला सगळी खोली पांढरी झाली. एक, दोन, तीन, चार. दणका असा बसला की खिडकीची काच थरथरली. एक मुलगी रडायलाच लागली.

"चार!" सर मोठ्याने म्हणाले. "म्हणजे किती लांब?"

"एक किलोमीटर, वर थोडं," मुली म्हणाल्या.

"बरोबर. भिंतीपासून लांब बसा. कोणी दाराशी जाऊ नका."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. माप घ्यायची वेळ झाली होती. आवाज खाली आला. "जा गे, चट्कन पाहून ये."

तोवर मी त्यांची बाजू घेत होते, मनातल्या मनात. मोठा माणूस, कामाच्या नादात असतो, लक्षात येत नसेल. पण चार त्यांनीच मोजले होते. किलोमीटर त्यांनीच विचारला होता. बारा मुलींच्या जिवाची काळजी त्यांनी नीट घेतली होती, स्वतःचीही घेतली होती. मी कुठेच नव्हते. आणि मला बाहेर पाठवायला त्यांनी ती भाषा काढली होती, जी त्या खोलीत माझ्याशिवाय कोणाला कळत नव्हती. माझ्या आईची भाषा.

मी जागची हलले नाही.

"ऐकूं आलें नाहीं?"

मी मुलींकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "सर मला आमच्या भाषेत सांगतायत, बाहेर जा म्हणून. तुम्हाला आत बसायला सांगतात आणि मला बाहेर जायला सांगतात. सकाळपासून. मघाशी म्हणाले, तुला काही होत नाही. मी आपणहून गेले नव्हते."

माझा आवाज चढला नव्हता. वाण्याकडे यादी वाचावी तसं मी सांगितलं.

सर हसले. "अक्का थट्टा करतेय."

"थट्टा नाही," मी म्हणाले.

मग ते माझ्याजवळ आले आणि दातओठ खाऊन मराठीत म्हणाले, "घरांतलें बाहेर काढतेस? तुझ्या आईनें हेंच शिकवलें?"

तेही मी मुलींना तमिळमध्ये सांगितलं. शब्द न शब्द.

 बाहेर पाऊस कोसळत होता. सेल्वीने पेन उचललं आणि त्या वेळेच्या रकान्यात, जिथे आकडा यायचा, तिथे लिहिलं, "वीज जवळ. कोणीही बाहेर गेलं नाही." सरांनी वाचलं. खोडायला सांगितलं नाही. जिना उतरून निघून गेले.

वीज गच्चीवर पडली नाही. हेही सांगायला हवं. पुढे मला हेच ऐकवलं गेलं.

तीन दिवसांनी सुंदरपेरुमाळ कोयिल या आमच्या गावी, घरी, आई माझी वाट बघत बसली होती. सरांनी तिला त्यांच्या घरी बोलावून घेतलं होतं. ती म्हणाली, "आपलीं माणसें तीं. जाऊन दोन शब्द बोलून ये. चूक झाली म्हण. कागदावर सही करतों म्हणाले."

"माझी चूक काय?"

"वीज पडली कीं तुजवर? नाहीं ना? मग?"

मी तिला विचारलं, "तुला कुठे बसवून सांगितलं हे?"

ती म्हणाली, "परसांत. उभीच होतें."

"पाऊस होता?"

"होता."

तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेली बाई, माझी चूक ऐकायला पावसात उभी राहिली होती. तेव्हा मात्र राग आला.   मी तिला म्हटलं, "मी जाणार नाही. आणि तूही त्या घरी पाऊल ठेवायचं नाहीस." ती रडली. मी तिची समजूत घातली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवा अर्ज लिहून प्राचार्यबाईंकडे गेले. सोबत त्या दिवसाची हकिगत तमिळमध्ये लिहून जोडली. वेळा, बावीस, पंधरा, नऊ, चार. आणि सरांचे शब्द.

"विभागप्रमुखांची शिफारस नाही यावर," बाई म्हणाल्या.

"नाही. मी ती मागणारही नाही."

त्यांनी कागद बाजूला सरकवला. अजून तिथेच असेल. नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. जाईल असंच सगळे म्हणतात. गेली तर जाताना याच कागदाची नक्कल मी हातात घेऊन जाईन, आणि जो विचारेल त्याला वाचून दाखवीन. राहिली तर पाऊस मोजीन, ते काम मला येतं. पण वीज जवळ आली की मी त्या बारा जणींच्या शेजारी बसणार, आणि मला उठवायचं असेल तर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं, तमिळमध्ये सांगावं लागेल.