पाळणाघरातला फ्रिज

तिला सगळे मावशी म्हणत. पाळणाघरातली पोरं म्हणत, त्यांच्या आया म्हणत, आणि खालचा किराणा दुकानदार वयाने चांगला मोठा असूनही मावशीच म्हणे. आपलं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय, असं ती हसत हसत सांगायची. दुसऱ्या मजल्यावरच्या घराची पुढची खोली तिने मुलांसाठी मोकळी केली होती. कामाला जाणाऱ्या बायका सकाळी आपली तान्ही मुलं तिच्याकडे सोपवून जात. प्रत्येकाची दुधाची बाटली वेगळी, बाटलीवरच्या चिकटपट्टीचा रंग वेगळा. हे सगळं जाऊन बसे ते स्वयंपाकघरातल्या जुन्या, फिकट हिरव्या फ्रिजमध्ये.

त्याच फ्रिजने तिच्या तोंडचं पाणी पळवलं. बाटली तोंडाला लावण्याआधी वास घ्यायचा ही तिची सवय होती, म्हणून निभावलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंचं बाळ भुकेने रडत होतं, मावशीने झाकण काढून बाटली नाकाशी नेली. दूध नासलं होतं. नर्सबाईंनी पहाटे उठून, स्वतःचं काढून ठेवलेलं दूध. मावशीने लगेच फोन करून त्यांना सांगितलं. संध्याकाळी नर्सबाई बाळाला घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी फ्रिजकडे एकदा पाहिलं. ती नजर मावशी विसरू शकली नाही.

दुरुस्तीवाल्याने मागची जाळी काढली, आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. याच्यात आता राम उरलेला नाही, म्हणाला. आज गार होईल, उद्या होणार नाही, मी हात लावून तुम्हाला खोटी आशा लावत नाही.

"मग नवीन घेऊन टाकू," नवरा म्हणाला. छापखान्यात आयुष्य काढलेला माणूस, मोजकं बोलायचा. "फ्रिजच बघायचाय, जावई नव्हे."

मावशी हसली नाही. नव्या फ्रिजची तिला धास्ती होती ती सासूबाईंपायी.

सासूबाईंच्या डोक्यातल्या गाठी दोन-तीन वर्षांपासून हळूहळू सुटत चालल्या होत्या. पोटच्या मुलाला त्या कधी दादा म्हणत, कधी डॉक्टर समजून जीभ काढून दाखवत. आरशातल्या बाईला त्या चहा घेता का विचारत आणि ती उत्तर देत नाही म्हणून रुसत, तेव्हा आरशावर चादर टाकावी लागली. पण तहान लागली की त्या उठत, भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात येत आणि तो हिरवा रंग दिसला की त्यांची पावलं सरळ होत. दाराची मूठ ओढायची, खालच्या कप्प्यातली बाटली घ्यायची, दार लावायचं. त्यात हात कधी चुकला नाही. एकदा रंगकामासाठी फ्रिज बाहेरच्या खोलीत हलवला होता, तर त्या दिवसभर स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या राहून विचारत होत्या, हे कुणाचं घर?

दुकानात मावशी गेली ती असं सगळं मनात घेऊन. समोर फ्रिजच्या रांगा. सगळे चंदेरी नाहीतर काळे, सगळे गुळगुळीत. विक्रेता तरुण होता आणि तोंडाला लगाम नव्हता. बर्फ आपोआप होतो, पाणी दारातूनच मिळतं, मोबाईलवरून तापमान बदलता येतं, असं तो सांगत सुटला. मावशीचं लक्ष भलतीकडेच. ती एकेका फ्रिजसमोर उभी राहून डोळे मिटत होती आणि हात पुढे करून बघत होती की मूठ हाताला लागते का. मूठ नव्हतीच कुठे. दाराच्या कडेला नुसती खाच, तीही बोटांनी शोधावी लागणारी. काळ्या काचेच्या दारासमोर ती आली आणि दचकून मागे सरली. त्यात तिचंच तोंड लख्ख दिसत होतं.

"हा नको," ती म्हणाली.

"अहो, सगळ्यात जास्त हाच खपतो."

"खपू दे. यात माणूस दिसतं."

विक्रेत्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे.

मग विक्रेत्याने तिला नेमकं हवंय तरी काय ते विचारलं. जुन्यासारखा, असं ती बोलून गेली. जुन्यासारखाच हवा तर नवीन कशाला, म्हणून तो हसला. त्यावर मावशीला एकदम रडू फुटेल असं वाटलं. तिने कशीबशी दोन-चार वाक्यांत सासूबाईंची गोष्ट सांगितली. त्याचं हसणं मावळलं. तो त्यांना दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे एक साधा पांढरा फ्रिज होता, चकाकी नसलेला, दाराला चांगली हातभर मूठ. दार उजवीकडे उघडायचं, पण जुन्यासारखी बिजागरी डावीकडे बदलून देता येईल, असं तो म्हणाला. हिरवा मात्र आता कुणी बनवत नाही.

मावशीने मूठ ओढून पाहिली. पुन्हा ओढली. बाटल्या मावतील का, खालचा कप्पा किती खोल, दार जड आहे का. नवरा अर्धा तास भिंतीला टेकून उभा होता. शेवटी ती हो म्हणाली, आणि बाहेर पडल्याबरोबर तिला वाटलं की चुकलंच.

फ्रिज सुट्टीच्या दिवशी आला, मुलं नसताना. मावशीने सासूबाईंना आतल्या खोलीत पलंगावर बसवलं, हातात घडी घालायला धुतलेले लंगोट दिले. ते काम त्यांना आवडायचं. हमालांनी जुना फ्रिज उचलला, नवरा दार धरून उभा राहिला आणि मग जिन्यात वाट दाखवायला पुढे गेला. जुन्याच्या जागी फरशीवर काळा चौकोन उमटला होता. मावशीने तो घासून काढला, नवा फ्रिज आत आला, जागेवर बसला. मग ती आतल्या खोलीत गेली.

लंगोटांची चळत नीट रचलेली होती. पलंग रिकामा होता.

न्हाणीघर, गच्ची, मुलांची खोली. चपला दारातच. बाहेरचा रस्ता रहदारीचा, सासूबाईंना डावं-उजवं कळत नाही, अंगात घरातलेच कपडे. जिना उतरताना तिच्या मनात एकच येत होतं, हे मी केलं, हे माझ्या हातून झालं.

खाली टेम्पो उभा होता. मागचा फळका पाडलेला, त्यावर सासूबाई अनवाणी बसल्या होत्या आणि एक हात मागे हिरव्या फ्रिजवर ठेवला होता. नवरा शेजारी हात जोडल्यासारखा उभा. टेम्पोवाला गाडीची किल्ली काढून हातात घेऊन उभा होता. आजी सोडायला तयार नाहीत, तो मावशीला म्हणाला, आणि मीही गाडी चालू केलेली नाही, काळजी करू नका.

मावशीला पाहताच सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं.

"अगं, ही माणसं भरलेला फ्रिज घेऊन चालली आहेत. पोरांचं दूध आहे त्यात."

पोटच्या मुलाची ओळख न पटणारी ही बाई पोरांचं दूध राखत बसली होती. मावशी टेम्पोवर चढली, फ्रिजला बांधलेली दोरी टेम्पोवाल्याकडून सोडवून घेतली आणि दार उघडलं. सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. मग प्रत्येक कप्प्यावरून हात फिरवला, अगदी मागच्या भिंतीपर्यंत.

"संपलं?"

"वर नेलं, आई. सगळं वर नेऊन ठेवलंय."

"कुणाचं राहिलं नाही ना?"

"नाही."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मग जाऊ दे त्यांना," म्हणाल्या.

नवऱ्याने आईला हात धरून उतरवलं. ती दोघं जिना चढत असताना मावशी पुढे धावली. सुट्टीमुळे मुलांचं दूध घरात नव्हतंच. तिने घरचंच दूध पातेल्यातून मिळतील त्या बाटल्यांत ओतलं, कुठे बाटली भरली, कुठे दूध तळाशीच आलं, आणि नव्या फ्रिजमध्ये ओळीने लावल्या. सासूबाई आल्या तेव्हा ती दार उघडून उभी होती. त्यांनी ओळ पाहिली, बरं आहे म्हणाल्या आणि मग मावशीला विचारलं, आता आपण आपल्या घरी कधी जायचं?

हा प्रश्न पुढे कित्येक आठवडे घरात फिरत राहिला. विक्रेत्याने बिजागरी बदलून दिली होती, मूठ बरोबर तिथेच होती, पण पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा फ्रिज सासूबाईंना दिसायचाच नाही. त्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत येत, थांबत आणि परत फिरत. मावशीने दारावर हिरवा कागद चिकटवून पाहिला. सासूबाईंनी तो नखाने सोलून काढला आणि घडी करून पदरात बांधला. तहान लागल्याचं त्या सांगत नसत, म्हणून मावशी आठवणीने त्यांच्या तोंडाला पेला लावू लागली. स्वतःच्या हाताने त्यांनी पुन्हा कधी पाणी घेतलं नाही.

नवऱ्याने एकदा विचारलं, काळा घेतला असता तर निदान दिसला तरी असता का? मावशीचा तो विचार त्याच्या आधी पुष्कळदा करून झाला होता.

फ्रिज मात्र चोख निघाला. दूध दिवसभर तसंच्या तसं राही, आणि नर्सबाईंनी आपल्याबरोबर काम करणाऱ्या आणखी एका बाईचं बाळ मावशीकडे पाठवलं. दार जास्त वेळ उघडं राहिलं की फ्रिज बारीक आवाजात टीं टीं करू लागे. पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा आई घाबरतील म्हणून मावशी हातातलं बाळ तसंच घेऊन आत पळाली. सासूबाई आपल्या पलंगावर उठून बसल्या होत्या आणि आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणत होत्या, "आले, आले. रडू नकोस."

त्या उठल्या. मावशी बाळाला खांद्यावर थोपटत त्यांच्या मागोमाग एका हाताच्या अंतरावर चालत राहिली, त्या कुठे जातात ते बघत.