बँडवर म्हटलेली भाजी

आमच्या मुलींच्या शाळेत एकच पेटी होती आणि तिचे दोन सूर मुके होते. प्रार्थना म्हणताना त्या सुरांपाशी आलो की आम्ही पोरीही मुद्दाम मुक्या व्हायचो. मग बाई चष्म्यावरून पाहायच्या आणि कान धरायच्या. आधी माझा, मग माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा. बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. पुण्याकडच्या, सडपातळ, फार शुद्ध बोलणाऱ्या. आम्ही त्यांना आपसात ‘कारलं’ म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं. कारंज्याच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा, त्यामुळे माणसाला कोणती भाजी शोभते हे मला पटकन दिसायचं.

त्या श्रावणात तपासणीला मोठ्या बाईसाहेब येणार होत्या. त्यांना गाण्याचा भारी नाद आहे असं कळलं आणि बाईंची झोप उडाली. मुक्या पेटीवर स्वागत कसं करायचं?

माझी मैत्रीण उभी राहिली. “बाई, माह्या अब्बाचा बँड रिकामाच बसून राह्यला. लग्नं संपली न आता.”

तिचे वडील बँडमास्तर. एरवी शिंपीकाम करायचे, पण लग्नसराईत लाल कोट चढवून क्लॅरिनेट वाजवत धनजपासून मंगरूळपर्यंत जायचे. बाईंनी बराच विचार केला आणि बोलावणं धाडलं. दुसऱ्या दिवशी सहा वाजवणारे शाळेच्या पडवीत हजर झाले.

बाईंनी स्वतः स्वागतगीत रचलं होतं. पहिल्याच ओळीत ‘विद्यावल्लरीप्रफुल्लनोत्सुके’ असा शब्द होता. बँडमास्तरांनी तीनदा क्लॅरिनेट तोंडाला लावला, तीनदा काढला.

“बाई,” ते अदबीनं म्हणाले, “हा शब्द मोठा आहे. याच्यात माही सास पुरत नाही.”

ढोलवाल्यानं प्रयत्न केला, तर गाण्यात नवरदेव घोड्यावर बसल्यासारखं वाटू लागलं. शेवटी बाई कपाळ धरून आत गेल्या. बँडमास्तर आमच्यासमोर मांडी घालून बसले.

“बेटा, तुह्या घरी काय गातात?”

“गात नाहीत. माय बाजारात ओरडते.”

“मंग ओरडून दाखव.”

मी मायसारखं कमरेवर हात ठेवून ओरडले, “घ्या वांगी, काटेरी वांगीऽऽ!” त्यांनी डोळे मिटले आणि तीच ओरड क्लॅरिनेटमधून जशीच्या तशी काढली. आम्ही पोरी किंचाळलो. मग जी ती आपली भाजी घेऊन पुढे आली. कोणी मेथी आणली, कोणी शेवगा. झांजा मेथीला मिळाल्या, लांब भोंगा शेवग्याला, मोठा ढोल भोपळ्याला:

भोपळा आला, सरका बाजूले,
जागा द्या त्याच्या पोटाले!

धुम! धुम! ढोलवाल्याचं स्वतःचं पोट बरंच मोठं होतं. तो सगळ्यात जास्त हसला.

चार कडवी झाली. बाईंनी ऐकली, “भाषा ग्राम्य आहे” म्हणाल्या, पण वेळ उरला नव्हता. त्यांनी मान हलवली.

पाचवं कडवं आम्ही दोघींनी मैत्रिणीच्या अंगणात रचलं.

चष्मा लावून कारलं आलं,
मिर्चीले कान धरून नेलं!

“बाईनं पाह्यलं काय हे?” बँडमास्तरांनी विचारलं.

“पाह्यलं न, अब्बा,” मैत्रीण पापणी न हलवता म्हणाली. बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला आणि कारल्यासाठी नाकातून काढल्यासारखा एक सूर शोधला. तो हुबेहूब बाईंचा कान धरतानाचा ‘अंऽऽ?’ होता. त्यांना ते ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं.

तपासणीच्या दिवशी पडवी गच्च भरली. बाईसाहेब खुर्चीवर, शेजारी बाई. वांग्यावर बाईसाहेब हसल्या, भोपळ्यावर त्यांनी मांडीवर ताल धरला. मग कारलं आलं. क्लॅरिनेट ‘अंऽऽ?’ म्हणाला आणि पहिलीतली एक चिमुरडी आनंदानं बोट दाखवून ओरडली, “आमच्या बाई!”

पण ढोल चालू होता, म्हणून तोंडही चालूच राहिलं. बाईंचा चेहरा पाहायची छाती झाली नाही. गाणं संपलं तेव्हा बाईसाहेब रुमालानं डोळे पुसत होत्या. “हे शेवटचं पुन्हा म्हणा,” त्या म्हणाल्या.

आम्ही बाईंकडे पाहिलं.

“म्हणा,” बाई म्हणाल्या. “स्पष्ट म्हणा.”

एवढं हळू गाणं मी जन्मात म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कानाला तेल लावूनच शाळेत गेलो. बाईंनी कान धरलाच नाही. फळ्यापाशी बोलावलं.

“कारलं. लिंग कोणतं?”

“नपुंसकलिंग,” मी पुटपुटले.

“आणि मी?”

मी तेलकट कान चाचपला.

“मी बाई आहे. उपमा द्यायची तर व्याकरण तरी सांभाळावं. कारल्याच्या वेलीला कारली म्हणतात, ती स्त्रीलिंगी. आता दोघींनी ‘कारली’ सगळ्या विभक्तींत चालवायची. पन्नास वेळा.”

आम्ही पाटी भरून पुसत, पुसून भरत बसलो. तिकडे बँडमास्तरांना खरा प्रकार कळला. ते धावत येऊन दारातच हात जोडून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते पाहून मला पहिल्यांदा मनापासून वाईट वाटलं. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. “तुमचा दोष नाही. सूर मात्र फार अचूक लागला,” त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी तपासणी जवळ आली तेव्हा बाईंनीच आम्हाला बँडमास्तरांकडे पाठवलं. “शब्द आधी मला दाखवायचे. सगळे.”

आम्ही सगळे दाखवले. त्यांनी दोन ओळी खोडल्या आणि त्यांच्या जागी स्वतःची एक लिहिली. ती आमच्या दोन्हींपेक्षा चांगली होती. पण हे आम्ही त्यांना सांगितलं नाही.